शून्य मासे, तरीही नोंद: ध्रुवाकडची शास्त्रीय मासेमारी चालते तरी कशी

शास्त्रीय मासेमारीच्या जहाजावर जाळं रिकामं वर आलं तरी कुणी कपाळाला हात लावत नाही. तक्त्यात त्या ठिकाणापुढं शून्य लिहितात, जाळं आवरतात आणि जहाज पुढच्या ठिकाणाकडं वळतं. ते शून्य टोपल्याच्या टोपल्या भरून आलेल्या जाळ्याइतकंच कामाचं असतं. एवढं पटलं की अंटार्क्टिकाकडं जाऊन मासे धरायची ही यातायात कशासाठी, हे समजायला अवघड जात नाही. पटत नाही तोवर मात्र ती सरकारी खर्चानं निघालेली गारठलेली सहलच वाटते.

मी सांगलीत प्राणिशास्त्र शिकवतो. समुद्र बघायचा तर आम्हाला घाट उतरून जावं लागतं, त्यामुळं जहाजावरचा अनुभव माझ्या गाठीला नाही. पण माझ्याकडं शिकून गेलेला मिरजेचा एक मुलगा दक्षिण महासागरात सर्व्हेच्या जहाजावर मासे मोजायच्या कामाला जाऊन आलाय. डेकवरचं जे बारीकसारीक पुढं येईल, ते त्याच्या तोंडून ऐकलेलं.

आधी हे मोजणीचं खूळ आलं कुठून ते बघू. दक्षिण अटलांटिकात साउथ जॉर्जिया नावाचं बेट आहे. त्याच्या आसपास मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा भरपूर होता. १९६९-७० च्या हंगामात सोव्हिएत जहाजांनी तिथून सुमारे चार लाख टन मासा उचलला. पुढच्या हंगामात एक लाख टनाच्या आसपास मिळाला, आणि त्यानंतर खेळ खल्लास. थंड पाण्यातला मासा सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, त्यामुळं दोन हंगामांत जे ओरबाडलं ते दोन पिढ्यांत भरून येत नाही. १९८५ मध्ये त्या माशाच्या मासेमारीवर बंदी आली, पण तोवर वरातीमागून घोडं अशी गत झाली होती. मुळात पाण्यात किती मासा आहे हेच कुणी मोजलं नव्हतं. चार लाख टन म्हणजे व्याज की मुद्दल, हे सांगणार कोण?

सत्तरच्या दशकात क्रिलवरही जहाजं तुटून पडायला लागली होती. दिसायला कोलंबीसारखा, फार तर सहा सेंटिमीटरचा हा जीव. देवमासे, सील, पेंग्विन सगळे त्याच्यावर जगतात. तो संपला तर वरचं सगळंच कोसळणार. म्हणून १९८० मध्ये करार झाला, १९८२ मध्ये तो लागू झाला, आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या जिवांसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याला सगळे ‘कॅमलार’ म्हणतात. कचेरी ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला. भारतही त्याचा सदस्य आहे. कुठल्या भागातून कुठला मासा किती टन काढायचा हे दरवर्षी तिथं ठरतं, आणि ठरवायला आकडे लागतात. ते आकडे आणायला ही जहाजं जातात.

आता मुख्य मुद्दा. तो मुलगा सुट्टीला आला तेव्हा आम्ही हरिपूरला संगमावर गेलो होतो. तिथं कृष्णेत जाळी टाकण्यात उभी हयात गेलेले एक अण्णा भेटले. पोरगं बर्फाच्या समुद्रात मासे धरायला जातं हे कळल्यावर त्यांनी साहजिकच विचारलं, “किती घावला मासा?”

“अण्णा, आम्ही मासा जास्त असतो तिथं मुद्दाम जात नाही. कुठं जाळं टाकायचं ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठरलेलं असतं.”

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. “आरं, मग तुझ्या सायबाला मासेमारी येत न्हाई.”

अण्णांचं चुकलं नाही. मासा कुठं बसतो हे ओळखणं हीच मासेमाराची विद्या. पण मोजणीच्या मुळावर येते ती नेमकी हीच विद्या. समजा समुद्रातला मासा निम्म्यानं घटला. उरलेला मासा बहुतेक वेळा चांगल्या जागी गोळा होतो, आणि जाणता मासेमार तिथंच जातो. त्याच्या जाळ्यात पूर्वीइतकाच मासा येत राहतो. त्याच्या वहीत सगळं आलबेल, आणि एक दिवस सगळंच संपलेलं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाचं असंच झालं. व्यापारी जहाजांना मासा मिळत होता म्हणून साठा ठीक आहे असं मानत गेले, आणि १९९२ मध्ये तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. हजारो माणसं कामाला मुकली.

म्हणून शास्त्रज्ञ उलटं करतात. शितावरून भाताची परीक्षा करता येते खरी, पण त्यासाठी भात सगळीकडं सारखा शिजलेला हवा. समुद्र तसा नाही. कुठं गच्च मासा, कुठं मैलोनमैल काही नाही. मग खोलीप्रमाणं समुद्राचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात संगणकाकडून कुठलीही ठिकाणं काढून घ्यायची, आणि मासा असो वा नसो, तिथंच जाळं टाकायचं. रिकाम्या जागा टाळल्या तर भरलेल्या जागांचाच सरासरी आकडा निघेल आणि समुद्र आहे त्याहून श्रीमंत दिसेल.

हिशेब साधा आहे. जाळ्याचं तोंड समजा २० मीटर उघडं राहतं. जहाजानं ते तीन नॉटच्या (ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर) वेगानं अर्धा तास ओढलं, म्हणजे साधारण २.८ किलोमीटर. रुंदी गुणिले अंतर केलं की समुद्राच्या तळाचा किती तुकडा झाडून निघाला ते कळतं. इथं तो ०.०५६ चौरस किलोमीटर येतो. त्यात ५६ किलो मासा मिळाला तर चौरस किलोमीटरला एक टन. अशा पुष्कळ ठिकाणांची सरासरी काढायची, पट्ट्याच्या क्षेत्रफळानं गुणायची, झाला अंदाज. जाळ्यासमोरचा सगळा मासा जाळ्यात येत नाही, काही वरून, काही खालून निसटतो. पण दरवर्षी तेच जाळं, तोच वेग, तेवढाच वेळ ठेवला तर निसटणाराही साधारण त्याच प्रमाणात निसटतो, आणि या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवता येतो.

यातली गंमत अशी की अशा जहाजावर कुणी जाळ्यात सुधारणा करू पाहिली तर त्याला शाबासकी मिळत नाही, बोलणी बसतात. जाळं चांगलं झालं की जास्त मासा येणार, आणि तो समुद्रात वाढला म्हणून आला की जाळ्यामुळं आला, हे कुणालाच सांगता येणार नाही. जुनाट वाटणारं जाळं वर्षानुवर्षं तसंच शिवून वापरायचं, याला शिस्त लागते. आपल्याकडं या प्रकारच्या शिस्तीला किंमत कमी, असं माझं मत.

जाळं डेकवर आलं की खरं काम सुरू होतं. पाळी बारा तासांची. ऐन उन्हाळ्यात खूप दक्षिणेला सूर्य मावळतच नाही, त्यामुळं रात्रपाळी म्हणजे फक्त घड्याळातली रात्र. मासा यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून पुढं येतो आणि दोन्ही बाजूंना उभी माणसं जातवार निवडत टोपल्यांत टाकतात. मासा फार असेल तर सगळा एकेक मोजत नाहीत. एकूण वजन घेऊन त्यातल्या काही टोपल्या नमुन्याला काढतात. त्याआधी ढीग फावड्यानं खालीवर करावा लागतो, कारण बारीक मासा तळाला जाऊन बसतो आणि वरवरचं घेतलं तर सगळे मासे मोठेच आहेत असं वाटायला लागतं.

वजनाचा काटाही अजबच. हलत्या जहाजावर साधा काटा चालत नाही. जहाज लाटेवर चढताना माशाचं वजन वाढतं, उतरताना घटतं. म्हणून या काट्यात आत आणखी एक ठरलेल्या वजनाचा ठोकळा असतो. तो या क्षणी किती जड किंवा हलका भासतोय हे काट्याला कळतं, आणि त्याच प्रमाणात माशाचं वजन दुरुस्त होऊन पडद्यावर येतं.

नोंदी पेन्सिलीनं करतात, पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर. शाई थंडीनं आखडते, ओल्या कागदावर फुटते. लांबी, वजन, नर की मादी, अंडी कितपत पिकलीत, पोटात काय आहे. आणि शेवटी डोकं.

माशाच्या डोक्यात, मेंदूच्या खाली दोन्ही बाजूंना, पांढरे टणक खडे असतात. ते कानाचे खडे. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्यांचा उपयोग. मासा वाढतो तसा त्यांच्यावर थरावर थर चढतो, हिवाळ्यात अरुंद, उन्हाळ्यात रुंद, म्हणजे वर्षाला एक जोडी. तो मुलगा सांगत होता, डोळ्यांच्या मागं सुरी आडवी घालायची, कवटीचं झाकण उचलायचं आणि चिमट्यानं दोन्ही खडे न मोडता काढायचे. बोटांनी पुसायचे, कागदाच्या चिमुकल्या पाकिटात घालायचे, वर ठिकाणाचा नंबर आणि माशाचा नंबर. एक हातमोजा काढल्याशिवाय हे जमत नाही, आणि मोजा काढला की थोड्याच वेळात बोटं आपली राहत नाहीत. नंबर चुकला तर खडा फुकट, कारण तो कुठल्या माशाचा हे नंतर देवालाही सांगता येत नाही. पुढं प्रयोगशाळेत त्या खड्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली वर्षं मोजतात.

हे घरी बघायचं असेल तर रत्नागिरीकडून आलेला ढोमा आणा. त्याच्या डोक्यात हे खडे चांगले ठसठशीत असतात. वर्षं मात्र मोजायला जाऊ नका. आपल्या उबदार पाण्यातल्या माशांत थर तितके स्वच्छ पडत नाहीत.

वय कळून काय उपयोग? टूथफिश नावाचा तिकडचा मोठा मासा बघा. दोन मीटरपर्यंत लांब, शंभर किलोच्याही वर वजन, आणि पन्नास वर्षांच्या आसपास जगणारा. अंटार्क्टिक टूथफिशची मादी अंडी घालण्याजोगी होते तेव्हा तिचं वय सोळा-सतराच्या घरात असतं. आज चाळीस किलोचा मासा धरला तर त्याची जागा भरायला किती वर्षं लागतील हे त्या खड्यावरून कळतं, वजनकाट्यावरून नाही.

आपल्या मासळी बाजारात ताजेपणा बघायचा तर कल्ला उचलून बघतात. लाल असेल तर माल ताजा. ही परीक्षा तिकडच्या आइसफिश नावाच्या माशाच्या बाबतीत फसते. नुकताच धरलेला जिवंत मासा, पण कल्ले फिकट पांढरे. कापला तर रक्त पाण्यासारखं. या कुळातल्या माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं. नॉर्वेच्या डिटलेफ रुस्ताद यांनी १९२७ मध्ये असा मासा पाहिला, आणि योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्याच्या रक्तात तांबड्या पेशी आणि रंगद्रव्य नसल्याचं शास्त्रीय पद्धतीनं मांडलं. मग हा जगतो कसा? थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, तो थेट रक्तात उतरतो. रक्ताचं प्रमाण इतर माशांपेक्षा जास्त, हृदय मोठं, त्यामुळं भागतं. पाणी तापलं तर भागणार नाही, ही आजची काळजी.

आणि तिथले मासे गोठत का नाहीत? समुद्राचं पाणी खारट असल्यानं उणे १.९ अंशापर्यंत गोठत नाही. बहुतेक माशांचं रक्त मात्र उणे ०.७ च्या आसपासच गोठायला लागतं. आर्थर डिव्रीज या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात दाखवलं की अंटार्क्टिक माशांच्या रक्तात एक खास प्रथिन असतं. बर्फाचा बारीक कण तयार झाला की ते त्याला चिकटून बसतं आणि कण वाढू देत नाही.

जाळ्याला सगळं कळतं असंही नाही. २०२१ मध्ये पोलारस्टेर्न या जर्मन जहाजानं अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळावरून कॅमेरा ओढत नेला, तेव्हा आइसफिशची घरटी दिसायला लागली ती संपेनातच. तळावर गोल खळगे, त्यात अंडी, वर राखणीला मासा. सुमारे २४० चौरस किलोमीटरमध्ये अंदाजे सहा कोटी घरटी. तिथं जाळं ओढलं असतं तर चिखलात कालवलेले मासे वर आले असते, आणि घरटी मोडली असती ती वेगळी.

टूथफिश हजार-दीड हजार मीटर खोल राहतो, तळाच्या कड्याकपाऱ्यांत. तिथं जाळं ओढून मोजणी जमत नाही. त्याला धरतात तो हजारो गळ लावलेल्या लांबच लांब दोरीनं, आणि हे काम व्यापारी जहाजं करतात. पण या जहाजांवर शास्त्रीय निरीक्षक असावाच लागतो. नवीन भागात, जिथं साठ्याचा नीट अंदाज नाही, तिथं दोन. तिथं नियम असा की मासा नुसता न्यायचा नाही, काही मासे खूण करून परत सोडायचे. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात टनामागं एक. माशाच्या पाठीत नंबर असलेल्या प्लास्टिकच्या दोन खुणा टोचतात. एक गळून पडली तरी दुसरी राहावी म्हणून दोन. एवढ्या खोलवरून ओढून वर आणलेला मासा जगतो कसा, असं वाटेल. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि वर येताना ती फुगून मासा मरतो. टूथफिशला ती पिशवीच नाही.

पुढचं गणित आठवीतल्या पोराला जमेल असं. समजा १,००० मासे खूण करून सोडले. पुढच्या वर्षी १०,००० धरले आणि त्यांत खूण असलेले १० निघाले. म्हणजे हजारात एकाला खूण. आपण सोडले होते १,०००, तर एकूण मासे साधारण दहा लाख. खूण केलेले किती मेले, किती दूर गेले, किती खुणा गळाल्या, याच्या दुरुस्त्या वर करायच्या.

आता यात माणूस कुठं शिरतो बघा. मोठा मासा उचलायला जड आणि विकायला महाग. मग खूण करायला बारकेच निवडायचे आणि मोठे खाली गोदामात, हा मोह जहाजावर होणारच. तसं झालं की मोठ्या माशांचा हिशेब कोलमडतो. म्हणून धरलेल्या माशांचे आकार आणि खूण केलेल्यांचे आकार किमान ६० टक्के जुळले पाहिजेत, असाही नियम आहे. हा नियम लिहिणाऱ्यानं मासे कमी आणि माणसं जास्त अभ्यासली असावीत!

क्रिलची मोजणी निराळी. त्याचे थवे इतके पसरलेले असतात की जाळ्यानं पुरं पडत नाही. जहाजाच्या तळातून पाण्यात आवाज सोडतात आणि थव्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी मोजतात. निरनिराळ्या पट्टीचे आवाज सोडले की क्रिल आणि मासा वेगळे ओळखता येतात. निघण्याआधी हे यंत्र बरोबर ऐकतंय का ते तपासायला जहाजाखाली टंगस्टन कार्बाइडची ३८.१ मिलिमीटरची गोळी दोऱ्यांनी टांगतात. तिचा प्रतिध्वनी किती यायला हवा ते ठाऊक असतं. मोजणी दिवसाच करतात, कारण रात्री क्रिल इतका वर येतो की जहाजाच्या तळाच्याही वर राहतो आणि यंत्राला दिसत नाही. २०१९ च्या मोठ्या सर्व्हेत दक्षिण अटलांटिकाच्या बाजूला ६ कोटी २६ लाख टन क्रिलचा अंदाज आला. तिथं काढायची मर्यादा ६ लाख २० हजार टन, म्हणजे शेकडा एक. ऐकायला किरकोळ. पण जहाजं ते एक टक्का पेंग्विनांच्या वसाहतींसमोरच काढायला बघतात, अडचण तिथं आहे. २०२५ च्या हंगामात ही मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि ऑगस्टमध्ये मासेमारी थांबवावी लागली.

उत्तर ध्रुवाकडं मात्र एकदा तरी गाडी रुळावर चढायच्या आधी ब्रेक तपासलेत. आर्क्टिकच्या मध्यावरचा बर्फ वितळून मोकळं पाणी वाढायला लागलं, तेव्हा २०१८ मध्ये रशिया, अमेरिका, चीन, युरोपीय संघ धरून दहा जणांनी करार केला. २५ जून २०२१ पासून सोळा वर्षं तिथं व्यापारी मासेमारी नाही, आधी तिथं मासा आहे किती ते शोधायचं.

आता मुलं विचारतात ते, सर, आपल्याला जाता येईल का? येईल. १९८१-८२ ची भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांनी नेली, ते सागरी जीवशास्त्रज्ञच होते. ९ जानेवारी १९८२ ला ती मोहीम बर्फावर उतरली. आज गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमांचं काम बघतं. मोहिमेसाठी निवड झाली तर वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडातल्या औलीच्या बर्फात सराव. मासळीच्याच वाटेनं जायचं तर रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, पुढं मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. प्राणिशास्त्राची पदवीही चालते, पण मासे ओळखायचा डोळा पुस्तकातून येत नाही, बाजारात टोपलीपाशी उभं राहून येतो.

सामानाचं म्हणाल तर जॅकेट आणि बुटांच्या शिलाईत अडकलेलं गवताचं बीसुद्धा काढून मगच चढायचं, तिकडं परकं काही रुजू नये म्हणून. जेवणातलं कोंबडीचं हाडूकसुद्धा ६० अंशांच्या दक्षिणेला समुद्रात टाकायचं नाही, रोगराई पक्ष्यांना लागेल. आणि उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची. हलायला लागल्यावर घेतलेली पोटात राहत नाही.